दहा श्वास आणि चाळीस रोडगे

मी शांत झालो तेव्हा गावानं डॉक्टर बोलावला.

यात गावाची काही चूक नाही. ज्या माणसाच्या आवाजावर गावानं पन्नास वर्षं घड्याळं लावली, तो माणूस एका सकाळी अचानक हळू बोलायला लागला, तर शेजाऱ्यांनी समजायचं तरी काय? आमचं गाव अनसिंगपासून चार किलोमीटरवर. मी माझ्या वावरात उभा राहून माझ्या बैलाला 'होऽऽ' म्हटलं, की आजूबाजूच्या तीन वावरांतले बैल आपापल्या जागी थांबतात. एकदा मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बायकोकडे चहा मागितला, तर तालुक्याच्या स्टेशनावरच्या माणसानं गाडी आली समजून हिरवी झेंडी दाखवली, असं आमचा शेजारी बबन सगळ्यांना सांगत फिरतो. साफ खोटं आहे. झेंडी लाल होती.

हा आवाज मी कमावलेला नाही, वडिलोपार्जित आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही म्हणून भावकीत वाटणी झाली नाही, सगळाच्या सगळा माझ्या वाट्याला आला. आणि आमच्याकडे त्याचा उपयोगही होतो. रोही म्हणजे घोड्याएवढी नीलगाय, ती तुरीत शिरली की लोक फटाके फोडतात, डबे वाजवतात, कुंपणाला जुन्या साड्या बांधतात. मी फक्त खोकतो.

पण याच आवाजानं माझ्या पोरीचं पहिलं स्थळ पळवून लावलं. त्याचं असं झालं. रेणू, म्हणजे आमची एकुलती एक पोरगी, अकोल्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिच्यासाठी एक बरं स्थळ आलं होतं. मुलाच्या मामांचा फोन आला तेव्हा मी वावरात होतो. मामा मोठे सभ्य. म्हणाले, "बरं, मग आम्ही रविवारी तुमच्याकडे यावं म्हणतो." आणि त्याच क्षणाला माझ्यासमोर एक रोही डौलात चालत तुरीत शिरला.

मी फोन कानाला तसाच ठेवून ओरडलो, "खबरदार पाय ठेवशीन तर! तंगडं मोडून हातात देईन! आला मोठा फुकटचा चराले!"

रोही गेला. मी आवाज खाली आणून म्हटलं, "हां, बोला मामा." पण मामाही गेले होते. आजतागायत त्यांचा फोन लागत नाही.

संध्याकाळी रेणूला फोनवर हे सगळं सांगितलं, तर ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "बाबा, आता माहं लगन त्या रोह्यासंगंच लावून द्या. तुमाले बोलनी त्याच्यासंगंच जमते." तिला वाईट वाटलेलं काही दिसलं नाही. मी म्हटलं, पोरगी धीराची आहे, बापावर गेली.

महिनाभरानं मात्र ती घरी आली ती गंभीर चेहऱ्यानं. पुढचं स्थळ केनवडचं होतं. मुलाचं नाव अनिकेत, नोकरी अकोल्यातच, घरची शेती. माणसं कशी आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाली, "लय शांत मानसं हायेत बाबा. त्यायच्या घरात कोनी वरच्या आवाजात बोलत नाही." हे तिला कसं माहीत, असा प्रश्न मला सुचला नाही. (बापाला नेमके हेच प्रश्न सुचत नाहीत.)

"बाबा, हे स्थळ मोडलं नाही पाह्यजे," ती म्हणाली.

आता रेणू माझी पोरगी आहे, तिच्याही गळ्यात काही बासरी नाही. पण हे वाक्य ती इतकं हळू बोलली, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. मी म्हटलं, "नाही मोडनार बेटा. काय करू सांग. तोंडाले कुलूप लावू?"

"कुलूप नाही," रेणू म्हणाली आणि पिशवीतून एक तक्ता काढला.

हिरव्या शाईत, स्वतःच्या हातानं लिहिलेला. वर मोठ्या अक्षरांत: 'एकवीस दिवसांत मी शांत होणार.' रेणू शाळेपासून 'श' काढते तो बदकासारखा दिसतो, त्यामुळे 'शांत'वर एक बदक पोहत होतं. खाली नियम. तो तक्ता तिनं आंब्याच्या आकाराच्या मॅग्नेटखाली फ्रिजवर चिकटवला आणि आईला देखरेखीवर नेमून अकोल्याला निघून गेली. आमच्या शोभाला, म्हणजे आमच्या मंडळींना, लग्नाला तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच लेखी अधिकार मिळाले होते. त्या अधिकारांचा तिनं जो वापर केला तो तहसीलदारालाही जमला नसता!

सकाळी उठल्याबरोबर चहाऐवजी दोन ग्लास कोमट पाणी. ते ठीक होतं, बैलही पितात. मग आरशासमोर उभं राहून स्वतःला सांगायचं, 'मी शांत आहे.' पहिल्या दिवशी मी आरशासमोर उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि सांगितलं. मनापासून सांगितलं. दोन मिनिटांत बबन काठी घेऊन दारात.

"भाऊ, कोन घुसलं घरात? कोनाले दम देऊन राह्यले?"

"कोनाले नाही. सोताले."

"काहून?"

"मी शांत आहे म्हनून!"

बबननं माझ्याकडे पाहिलं, शोभाकडे पाहिलं आणि काठी तिच्या हातात देऊन गेला.

मग वही. रोज झोपण्याआधी ज्यांचे आभार मानावेत अशा पाच गोष्टी वहीत लिहायच्या. मला वाटलं हे सोपं आहे. पहिल्या दिवशी मी लिहिलं: बैल, पाऊस, मोटर, अनसिंगच्या बाजारातली भजी आणि बबनची म्हैस (तिचं दूध आमच्याकडे येतं). सकाळी वही शोभाच्या हातात आणि माझ्या कपात कोमट पाणीसुद्धा नाही.

"तीस वर्षं झाली तुमच्या घरात राबून राह्यली," ती म्हणाली. "अन् पाचात माहं नाव नाही? बबन भाऊजीची म्हैस हाय! म्हैस हाय अन् मी नाही!"

"अवं, पन ते पाचच लिवा म्हंतात..."

"मंग म्हशीलेच सांगा आता पानी गरम कराले!"

दुसऱ्या दिवशीपासून वहीत एक ते पाच शोभा. मनःशांतीचा हा पहिला फायदा, की घरात शांतता नांदू लागली.

पण खरा गोंधळ केला तो चौथ्या नियमानं: कोणालाही उत्तर देण्याआधी दहा श्वास. नाकानं आत, तोंडानं बाहेर. चौथ्या दिवशी बबन आला आणि म्हणाला, "भाऊ, फवारनीचा पंप हाय का रिकामा?" मी डोळे मिटले. पहिला श्वास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला बबन म्हणाला, "भाऊ?" पाचव्याला म्हणाला, "ओ भाऊ!" सातव्याला त्यानं मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि बोंब ठोकली, "वहिनीऽऽ! भाऊले अटॅक आला!"

आता आठव्या श्वासाला मला सांगता आलं असतं, की बाबा रे, मी ठणठणीत आहे. पण नियम म्हणजे नियम, दोन श्वास शिल्लक होते! तेवढ्यात माझ्या नाकाला कांदा लागला, तळपायाला दोघं जण राख चोळू लागले, माझी मोजणी दर वेळी चुकून पुन्हा एकपासून सुरू होऊ लागली, आणि एकानं मोटरसायकल काढून अनसिंगच्या डॉक्टरांना मागे बसवून आणलं. अर्धं गाव अंगणात. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, पाहिलं. पुन्हा फुगवला. मग चष्मा पुसून म्हणाले, "मी इथे आल्यापासून यांचं बीपी पहिल्यांदा नॉर्मल आलं. काय झालं यांना?"

"ते कोमट पानी डोक्यात चढलं वाटते," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

मी दहावा श्वास सोडला आणि अत्यंत शांतपणे म्हणालो, "हाय. रिकामा हाय. घेऊन जा."

बबनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं मी मरताना पंप त्याच्या नावावर करतोय.

तर अशा रीतीनं वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी, रविवारी, केनवडचे पाहुणे येणार होते. आणि त्यांना बसवायचं ठरलं ते घरात नव्हे, वावरात. कारण हरभरा नुकताच निघाला होता, आंबा मोहरला होता आणि आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला आंब्याखाली बसवून रोडगे खाऊ घालण्यासारखा दुसरा मान नाही. कणकेच्या पोळ्या एकात एक गुंडाळून मुठीएवढे गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, भाजले की राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हे भाजायचं काम पुरुषांचं आणि गावात त्या कामाचा मुख्य मी. मी चाळीस रोडगे भाजले आणि कोणावरही न ओरडता भाजले. ही घटना आमच्या शिवारात प्रथमच घडत होती.

निघताना रेणूनं मला बाजूला घेतलं. लाल ओढणी, हातात बांगड्या, आणि डोळ्यांत ती भीती. "बाबा, आजचा एकच दिवस. मंग जिंदगीभर ओरडा."

"बेटा," मी दहा श्वास घेऊन म्हणालो, "आज आभाळ कोसळलं तरी मी हूं का चूं करनार नाही."

गाडी आली. मुलगा उतरला, सरळ, हसरा. मुलाची आई उतरली, हातात एक पिशवी घट्ट धरून. (शोभानं एका नजरेत ताडलं, आत साडी आहे. बोलणी जमली तर आजच रेणूला कुंकू लावून साडी देणार.) आणि मग मुलाचे वडील उतरले आणि गाडी चार बोटं वर आली. दिनकरराव! छाती म्हणजे कोठी, मिशा म्हणजे दोन विळे. असा माणूस बोलायला लागला तर केनवडपासून रिसोडपर्यंत ऐकू जावं असं वाटलं. पण त्यांनी हात जोडले आणि सायीसारख्या आवाजात म्हणाले, "नमस्कार."

मी म्हटलं, बाप रे, खरंच शांत माणसं!

आंब्याखाली सतरंजीवर आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी बोलणं सुरू केलं. "ऊन हाय."

दिनकररावांनी डोळे अर्धवट मिटले. नाकानं आत, तोंडानं बाहेर, असा बराच वेळ त्यांचा श्वास चालला. मी मनात म्हटलं, दमा दिसतो बिचाऱ्याला. मग ते म्हणाले, "हाय."

आता उत्तर देण्याची पाळी माझी. मी दहा श्वास घेतले. "पन सावली हाय."

त्यांनी घेतले. "हाय सावली."

अशा पद्धतीनं चार वाक्यं बोलायला आम्हाला अर्धा तास लागला. मधल्या वेळात मुंग्या सतरंजीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाऊन परत आल्या. शोभा मला डोळ्यांनी खुणावत होती, विहीणबाई त्यांना कोपरानं ढोसत होत्या, आणि ती दोन पोरं चुलीशी उभी राहून आमच्याकडे अशी पाहत होती जसे लोक निकालाच्या पाटीकडे पाहतात.

पंगत बसली. आणि इथे माझा घात केला तो पाचव्या नियमानं: दुसऱ्याच्या 'नाही'चा मान ठेवा.

परमुलखातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे पाहुण्यानं पहिल्या वाढणीला 'नको' म्हणायचं असतं ते आईवडलांनी लावलेल्या वळणासाठी. दुसऱ्यांदा 'नको' म्हणायचं ते यजमानाला जोर यावा म्हणून. तिसऱ्यांदा त्यानं ताटावर आडवा हात धरायचा, आणि यजमानानं तो हात पिरगळून, गळ्याची शपथ घालून, "खाता का नरड्यात कोंबू?" असं प्रेमानं विचारून रोडगा ताटात आदळायचा. एवढं झाल्याशिवाय पाहुणा पोटभर जेवू शकत नाही आणि घरी जाऊन 'मान राखला' असं सांगू शकत नाही. या कलेत मी जिल्ह्यात पहिला. माझ्या आग्रहानं आमच्या थोरल्या साडूंना एकदा वावरातून बैलगाडीत निजवून न्यावं लागलं होतं.

मी दिनकररावांपुढे टोपलं नेलं. "घ्या."

"नको," ते सायीसारखं म्हणाले.

मी दहा श्वास घेतले, त्यांच्या 'नाही'चा मान ठेवला आणि टोपलं परत नेलं.

आंब्यावरचा कोकीळ गप्प झाला. दिनकररावांनी ताटाकडे पाहिलं. त्यात एक रोडगा होता. एवढ्या देहाला एक रोडगा म्हणजे हौदाला चूळ! विहीणबाईंच्या भुवया कपाळावरच्या पदराला टेकल्या. शोभा माझ्या मागे येऊन फुसफुसली, "आग्रह करा ना, माय वं! असं काय करता?"

"नियम पाच," मी फुसफुसलो.

"चुलीत घाला तुमचा नियम!"

"पन तक्त्याची देखरेख तूच..."

मी पुन्हा टोपलं नेलं. "घ्या ना." त्यांनी माझ्याकडे लहान पोरासारखं आशेनं पाहिलं, आणि पुन्हा "नको" म्हणाले. मी पुन्हा मान ठेवला. तेव्हा त्यांनी एक मोठा श्वास घेतला, तो दम्याचा नव्हता, आणि ताटातच हात धुतला.

एक रोडगा खाऊन! मुलीच्या बापाच्या वावरात!

विहीणबाई उठल्या. पिशवी छातीशी धरून मुलाला म्हणाल्या, हळूच, पण मला ऐकू यावं इतपत हळूच, "अनिकेत, चाल बापा. इथं सोयरीक कराची यायच्या मनात नाही. आलेल्याले जेव म्हनत नाही, बोलत नाही. आपुन काय भिकारी हाओत?"

रेणूचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले. मला काही समजेना! एकवीस दिवस पाणी प्यालो, आरशाशी बोललो, बायकोचं नाव शंभर वेळा वहीत लिहिलं, एकदाही ओरडलो नाही, आणि स्थळ मोडत होतं. पहिलं ओरडल्यामुळे मोडलं, दुसरं न ओरडल्यामुळे. आता पोरीच्या बापानं करावं तरी काय, तार पाठवून बोलावं?

आणि नेमकी त्याच वेळेला वानरं उतरली.

आमच्या शिवारातली वानरं म्हणजे राखाडी अंगाची, काळ्या तोंडाची, शेपट्या अशा की वळण घेताना इंडिकेटर द्यावा लागेल. पंधरा-वीस होती. एरवी माझा आवाज ओळखून ती दोन वावरं सोडून राहतात. पण वीस दिवस आवाज बंद, म्हणजे त्यांनी मी वारलो असं धरलं असणार. पुढारी वानर सावकाश चालत आलं आणि चुलीजवळच्या टोपल्यापाशी माणसासारखं बसलं. सगळे थिजले.

रेणू ओठांनी म्हणाली, "बाबा, दहा श्वास."

मी डोळे मिटले. एक. वानरानं एक रोडगा उचलला, राख झटकली (हे त्यानं कुठे पाहिलं होतं कोण जाणे) आणि खाल्ला. दोन. दुसऱ्यानं उचलला. तीन. आता ती पंगत धरून बसली. चार. एकानं तुपाच्या गडव्यात बोटं घातली. माझ्या कपाळावरची शीर तडतडायला लागली. मी शांत आहे. पाच. मी शांत आहे. सहाव्या श्वासाला टोपलं अर्धं. आणि या वानरांना कोणी एकदाही 'घ्या' म्हटलं नव्हतं! सातव्या श्वासाला पुढाऱ्यानं इकडे तिकडे पाहिलं, विहीणबाईंपाशी गेला, त्यांच्या हातातली पिशवी हिसकली आणि आंब्यावर चढला.

साडी! कुंकवाची साडी!

"माय वं!" विहीणबाई किंचाळल्या. रेणूच्या तोंडून नुसताच एक हुंदका निघाला. तो हुंदका ऐकला आणि आठवा श्वास माझ्या छातीत गेला तो श्वास म्हणून, आणि बाहेर आला तो...

"एऽऽऽऽ! ठेव ते खाली! माह्या पोरीची साडी हाय ते! फाडून खाईन तुले!"

पण आवाज एक नव्हता. दोन होते! माझ्या डाव्या बाजूनं, पंधरा फुटांवरून, गाडीचं इंजिन फुटावं तसा दुसरा आवाज आला, "सोड! सोड म्हंतो ना बे! येऊ का वरतं? येऊ काऽऽ?"

दिनकरराव! मिशा ताठ, दोन्ही हात वर, मान आभाळाकडे.

दोन आवाज एकत्र झाले आणि आंब्याचा अर्धा मोहोर खाली आला. वानरं चारी दिशांना अशी उधळली, की त्यांतली काही बहुतेक अजून धावताहेत. पुढारी वानर पहिल्यांदा फांदीला चिकटलं, मग घाबरून पिशवी टाकून पळालं. पिशवी उलटी झाली, साडी पंखासारखी उलगडत खाली आली आणि वांग्याच्या भाजीच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, सगळीच्या सगळी बसली.

शांतता. खरी शांतता. एकवीस दिवसांत मला लाभली नव्हती अशी.

मी दिनकररावांकडे पाहिलं. त्यांनी मिशीवरचं वांगं पुसत माझ्याकडे पाहिलं.

"तुमी...?" मी म्हणालो.

"तुमी...?" ते म्हणाले.

"दमा नाही तुमाले?"

"दमा कायचा! दहा श्वास हाय तो!" ते कडाडले. "एकवीस दिवसांपासून कोमट पानी पिऊन राह्यलो राजेहो! पोट म्हंजे नुसतं धरन झालं!"

"वही लिवता का?"

"लिवतो! पहिल्या दिवशी मंडळीचं नाव इसरलो, उपाशी झोपलो!"

"अन् पाचवा नियम?"

आम्ही दोघांनी एका सुरात म्हटलं, "दुसऱ्याच्या 'नाही'चा मान ठेवा!" मग दिनकररावांनी कपाळावर हात मारला. "म्हनूनच तुमी रोडगा वापस नेला! अन् मी म्हनलं, मानूस नाराज हाय. भुकेनं जीव चालला होता ना भाऊ!"

"थांबा," मी म्हणालो. माझ्या डोक्यात उशिरा का होईना उजेड पडायला लागला होता. "तुमचा तक्ता कुठं लावला हाय?"

"फ्रिजवर. आंब्याच्या मॅग्नेटखाली."

"हिरवी शाई?"

"हिरवीच."

"'शांत'चा श कसा दिसते?"

दिनकररावांनी विचार केला. "बदकावानी."

आम्ही दोघंही अगदी सावकाश चुलीकडे वळलो. रेणू आणि अनिकेत एकमेकांना इतकी चिकटून उभी होती, की मधून वानराची शेपटीसुद्धा गेली नसती.

"पोट्टेहो," दिनकरराव म्हणाले, "किती दिवसांपासून चालू हाय हे?"

"बाबा," अनिकेत म्हणाला, "आधी दहा श्वास..."

"घेत नाही!" आम्ही दोघं गरजलो.

"दोन वर्षं," अनिकेत पुटपुटला. रेणू पुढे झाली. "अन् काय करू बाबा? हे म्हने, आमचे बाबा लय ओरडतात. मी म्हनलं, आमचे तर स्थळंच पळवतात. पहिल्याच भेटीत तुमी दोघं आमनेसामने आले असते, तं सोयरीक राहू द्या, दोन गावांत भांडन लागलं असतं. म्हनून म्हटलं, दोघायलेबी जरा थंड करून घेऊ."

मी शोभाकडे पाहिलं. दिनकररावांनी त्यांच्या मंडळींकडे पाहिलं. त्या दोघी अचानक साडीवरची वांगी वेचण्यात इतक्या गढून गेल्या होत्या, की 'पोरांचं जमलंय हे तुम्हाला माहीत होतं?' हा आमचा प्रश्न त्यांना ऐकूच येईना. विहीणबाई तर म्हणत होत्या, "रंग काही वाईट नाही आला वं बाई. हळदीचाच हाय, शकुनाचा." आणि मघाशी ज्याच्यामुळे सोयरीक मोडत होती, त्याच टोपल्यातल्या राखेनं माखलेलं बोट पुसून त्यांनी रेणूच्या कपाळावर कुंकू टेकवलं. भाजीचा वास असलेली ती साडी रेणूच्या खांद्यावर आली, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे पुन्हा भरलेले होते, पण आता ते पाणी वेगळं होतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि, खोटं वाटेल, आवाजच फुटेना!

टोपल्यात अकरा रोडगे उरले होते. मी ते दिनकररावांपुढे नेले. ते म्हणाले, "नको." मी म्हटलं, "खाता का नरड्यात कोंबू?" त्यांचा चेहरा असा उजळला जसा काही मी त्यांना अर्धं वावर लिहून दिलं. त्यांनी आडवा हात धरला, मी पिरगळला, ते ओरडले, मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो, आणि सहा रोडगे त्यांच्या पोटात गेले. सातव्याला ते माझा हात धरून म्हणाले, "भाऊ, आता मातर खरंच नको." त्या 'नको'चा मी मान ठेवला. इतपत मी शिकलो आहे.

तेवढ्यात धुऱ्यावरून मोटरसायकल आली. पुढे बबन, मागे बॅग छातीशी धरलेले डॉक्टर. बबन एक हात वर करून ओरडत होता, "आयकू आला! घरापर्यंत आयकू आला! डॉक्टरसाहेब, म्हनलं नव्हतं? आमचा भाऊ बरा झाला!"

त्या दिवशी झोपण्याआधी मी वहीत पाच नावं लिहिली. पहिलं वानराचं. (दुसरं शोभाचं. या क्रमावरून जी सुनावणी झाली ती इथे देत नाही.) वही मी सोडलेली नाही, खरं सांगायचं तर सवय लागली आहे, कोमट पाणीही चालू आहे. बाकीचे नियम मात्र पोरीच्या साखरपुड्याबरोबर सुटले. दिनकरराव दर पंधरा दिवसांनी येतात, आम्ही अंगणात बसून लग्नाच्या तयारीवर हळू आवाजात चर्चा करतो, आणि त्या चर्चेचे मुद्दे दुसऱ्या दिवशी अनसिंगच्या बाजारात लोक आम्हालाच सांगतात.

फ्रिजवरचा तक्ता गेला. बबन मागून घेऊन गेला, आंब्याच्या मॅग्नेटसकट. परवा सकाळी कुंपणावरून डोकावलो, तर तो अंगणात मांडी घालून, डोळे मिटून नाकानं श्वास ओढत होता. मी म्हटलं, "काय रे बबन, तुले कायले पाह्यजे मनशांती? तू तं कधी कोनावर आवाज चढवत नाही."

बबननं पूर्ण दहा श्वास घेतले. मग डोळे न उघडता म्हणाला, "भाऊ, ते ज्याचा आवाज मोठा असते ना, त्याले नाही लागत. त्याच्या शेजाऱ्याले लागते."